मथळ्यातील उधारी : ‘अपवर्दी’च्या शीर्षकपद्धतीविषयी काही विचार

अल्प भांडवलावर निघालेले एखादे संकेतस्थळ थोड्या अवधीत कोट्यवधी वाचक कसे मिळविते, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः व्यापारशास्त्राकडे मागितले जाते. ते व्याकरणाकडेही मागता येईल, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

अमेरिकेतील ‘अपवर्दी’ हे संकेतस्थळ एलाय पॅरिसर व त्यांचे सहकारी यांनी मार्च २०१२ मध्ये सुरू केले. त्यावरील चित्रफिती बहुतांशी इतरांनी केलेल्या असत. संपादकांची स्वतःची म्हणावी अशी निर्मिती म्हणजे मथळा. प्रत्येक मजकुरासाठी पंचवीस मथळे लिहावयाचे, त्यांतील निवडक मथळे वाचकांच्या निरनिराळ्या गटांपुढे ठेवावयाचे आणि ज्यावर अधिक टिचक्या पडतील तो कायम करावयाचा, असा तेथील परिपाठ होता. नोव्हेंबर २०१३ मध्ये या संकेतस्थळास सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांनी भेट दिली.

या मथळ्यांचे मर्म दर्शक सर्वनामात आहे. ‘हे’, ‘ही गोष्ट’, ‘पुढे जे घडले ते’ अशा शब्दांनी निर्देश करावयाचा, परंतु निर्दिष्ट वस्तू मात्र पुढच्या पानावर ठेवावयाची. ब्लोम व हान्सेन या डॅनिश अभ्यासकांनी २०१५ मध्ये दहा वृत्तसंकेतस्थळांवरील एक लाख मथळे तपासून या पुढे बोट दाखविणाऱ्या निर्देशाचा विचार केला आहे. त्यांचा निबंध मोलाचा आहे. तथापि त्यांचे वर्गीकरण मराठीस जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगावयास हवे.

पुढील गोष्टीचा निर्देश आधी करण्याची सवय मराठी वाक्यरचनेच्या अंगीच आहे. ‘तो असे म्हणाला, की मी उद्या येईन’ या वाक्यात ‘असे’ हा शब्द रिकामाच येतो. त्याचा आशय ‘की’नंतर मिळतो. म्हणजे मराठी वाचक ‘असे’ वाचताना उधारी देतो, पण ती त्याच वाक्यात फिटेल या भरवशावर. आता आपल्या वृत्तसंकेतस्थळांवर नित्य आढळणारा साचा घ्या : ‘तिने असे काही केले, की सारे थक्क झाले.’ येथे ‘की’ आहे, त्याच्यापुढे पूर्ण उपवाक्यही आहे. व्याकरणदृष्ट्या काहीच बाकी राहिलेले नाही. परंतु त्या उपवाक्यात तिने काय केले हे नसून पाहणाऱ्यांचे काय झाले हे आहे. रचनेचे देणे फिटले, अर्थाचे राहिले. इंग्रजी मथळा बहुधा सर्वनाम उघडे टाकून वाचकास ओढतो. मराठी मथळा वाक्य पुरे करूनही त्याला उपाशी ठेवतो. हा दुसरा प्रकार अधिक कसबी, आणि म्हणून अधिक लबाडीचा आहे.

कीर्तनकारही कथा ऐन रंगात थांबवून आख्यान लांबवितो, मग याच प्रकाराला दोष का द्यावा, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु कीर्तनाचा श्रोता समोर बसलेला असतो. कथा फसली तर ते कीर्तनकारास तत्क्षणी कळते. टिचक्यांच्या मोजणीस असे कान नाहीत. टिचकी मोजली जाते ती वाचकाची उत्सुकता जागी झाली तेव्हा, शमली तेव्हा नव्हे. पंचवीस मथळ्यांतून एक निवडण्याची ती पद्धत कितीही शास्त्रशुद्ध असली, तरी तिने आश्वासनांची परीक्षा घेतली, पूर्तीची नाही.

या परीक्षांची सामग्री पुढे संशोधकांस खुली झाली. जानेवारी २०१३ ते एप्रिल २०१५ या काळातील ३२,४८७ प्रयोग तीत आहेत. तिच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की सरासरी लांबीच्या मथळ्यात एका नकारात्मक शब्दाची भर पडली असता टिचक्यांचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते. मन उल्हसित करणारा मजकूर देण्याचे व्रत घेतलेल्या संकेतस्थळाच्या दप्तरातून हे निघावे, यात थोडा विनोद आहे.

भेटींचा आकडा जानेवारी २०१४ पर्यंत निम्म्याच्या आसपास उतरला. फेसबुकने डिसेंबर २०१३ मध्ये मजकुराच्या क्रमवारीत केलेल्या बदलाशी अनेकांनी त्याचा संबंध जोडला. ऑगस्ट २०१४ मध्ये फेसबुकने जाहीर केलेली कसोटी भाषाभ्यासकांस विशेष अर्थपूर्ण वाटावी : वाचक दुव्यावरून गेल्यावर तेथे किती वेळ रमतो, की लगेच परततो, हे पाहिले जाऊ लागले. म्हणजे मोजणी सर्वनामापासून त्याच्या अर्थाकडे सरकली. २०१६ मध्ये तर अशा मथळ्यांत वारंवार येणारी शब्दसंहती ओळखणारी यंत्रणा तेथे योजण्यात आली. एका परीने ती शैलीचे व्याकरणच होय.

अशी यंत्रणा ‘असे काही… की’ या मराठी साच्यास कशी ओळखणार? निव्वळ शब्द मोजून चालणार नाही. ‘की’नंतरच्या उपवाक्याचा कर्ता कोण, हे पाहावे लागेल. कर्ता बदलून ‘सारे’, ‘नेटकरी’, ‘पोलीसही’ असा होतो, तेथे बहुधा उधारी बुडालेली असते. पाचशे मथळे गोळा करून हे पडताळणे एका सत्राचे काम आहे, आणि आपल्या विभागातील एखाद्या विद्यार्थ्याने ते अंगावर घेण्याजोगे आहे.