सामूगडचा रिकामा हौदा : एका रूढ कथेचें परीक्षण

शहाजहानच्या पुत्रांतील वारसायुद्धाचा निकाल ता. २९ मे १६५८ (जुनी गणना) रोजीं आग्र्यानजीक सामूगड येथें लागला. खलीलुल्लाखानाच्या कपटी सल्ल्यावरून दारा शुकोह हत्तीवरून उतरला, रिकामा हौदा पाहून सैन्य फुटलें व हातचा विजय गेला, अशी कथा रूढ आहे. ती प्रमाणांवर कितपत टिकते, एवढेंच येथें पाहावयाचें आहे.

कथेचे मुख्य साक्षी दोन : बर्निये व मनूची. पैकीं बर्निये रणांगणावर नव्हता. त्याची व दाराची गांठ पडली ती १६५९ मध्यें, अहमदाबादेच्या बाजूस. तेव्हां दारा पुन्हा पराभूत होऊन पळत होता. अर्थात् बर्नियेचें वृत्त ऐकीव होय. मनूची मात्र दाराच्या तोफखान्यांत प्रत्यक्ष हजर होता. परंतु त्यानें लिहिलें तें सुमारें चाळीस वर्षांनीं. आणि बर्नियेचा ग्रंथ त्यास इतका परिचित होता कीं तो त्यावर टीकाही करतो. तेव्हां या दोन साक्षी सर्वस्वीं स्वतंत्र मानतां येत नाहींत.

आतां घटनांचा क्रम पाहावा. सर यदुनाथ सरकारांनीं फारसी साधनें ताडून तो लाविला आहे. आदल्या दिवशीं दारानें सैन्य भर उन्हांत उभें करून थकविलें. लढाईच्या आरंभीं त्याच्या तोफांनीं दारूगोळा व्यर्थ उधळला. औरंगजेबानें आपला राखून ठेविला. डाव्या बगलेचा रुस्तुमखान पडला. बुंदीचा छत्रसाल हाडा पडला. औरंगजेबाच्या हत्तीपर्यंत पोंचलेला रूपसिंह राठोडही पडला. दारा मध्य सोडून आपल्याच तोफांपुढें आला, त्यामुळें त्याही बंद पडल्या. इतकें झाल्यावर तो हत्तीवरून उतरला. रिकाम्या हौद्यानें पळापळ वाढली हें खरें. पण तें निमित्त होय, कारण नव्हे. कावळा बसावयास व फांदी मोडावयास गांठ पडली, म्हणून कावळ्यानें फांदी मोडली असें ठरत नाहीं. हा काकतालीय न्याय येथें तंतोतंत लागू पडतो.

या कथेनें दक्षिणेच्या इतिहासाची हानि केली आहे. एका फितुराच्या माथीं सर्व भार घातला कीं विजयी सैन्य कोठें तयार झालें हा प्रश्नच उरत नाहीं. तें औरंगाबादेहून ५ फेब्रुवारी १६५८ रोजीं निघालें. तत्पूर्वीं मीर जुमल्यास कैदेचें निमित्त करून दौलताबादेस ठेविलें होतें व त्याचा तोफखाना औरंगजेबानें हस्तगत केला होता. अतहर अलींच्या १९६६ च्या ग्रंथांत सामूगडपर्यंतच्या हजारी व त्यावरील मनसबदारांची गणना आहे. तींत औरंगजेबाच्या १२४ पक्षकारांत मराठे १०, तर दाराच्या ८७ पैकीं अवघे २. दक्षिणेंतील अनेक वर्षांच्या सुभेदारीनें जोडलेलें हें बळ सामूगडच्या निकालांत मोजलेंच पाहिजे.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. औरंगाबाद, जालना, सिंदखेड व पैठण या टापूंतील देशमुखी व सरदारी दप्तरें चाळतांना शके १५७९ व १५८० चीं फर्मानें, सनदा व महजर वेगळे काढावे. त्यांतील मनसब, शिक्का व तारीख जशीच्या तशी उतरून घ्यावी. कागद जीर्ण आहे किंवा मजकूर नुसता इनामाचा आहे म्हणून तो टाकूं नये. कपटाची कथा सांगावयास सोपी आहे. परंतु इतिहास कागदावरच उभा राहातो.

जुना जालना