ओ'कॉनरबाईंची पत्रे आणि त्यांचे खर्डे

लेखक गेल्यावर त्याच्या मेजाच्या खणात जे कागद उरतात, त्यांचे पुढे काय होते? बहुतेक घरांत ते रद्दीत जातात, नाही तर ट्रंकेत पडून वाळवीच्या स्वाधीन होतात. अमेरिकन कादंबरीकार व कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर यांच्या कागदांचे भाग्य निराळे. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, वयाच्या ३९व्या वर्षी, ल्यूपस या व्याधीने त्या निवर्तल्या. याच व्याधीने त्यांचे वडील १९४१ साली गेले होते. ज्या महाविद्यालयात बाई शिकल्या, त्या मिलेजव्हिल येथील जॉर्जिया कॉलेजला त्यांच्या आईने १९७० साली लेकीची हस्तलिखिते दिली. पुढे २०१४ साली पत्रांचा व कागदपत्रांचा आणखी एक मोठा संग्रह अटलांटाच्या एमरी विद्यापीठाने मिळवला. त्यात तीसहून अधिक पेट्या असून, आईला लिहिलेली शेकडो पत्रे आहेत.

सामान्य वाचकाला बाईंच्या पत्रांची ओळख झाली ती १९७९ साली. 'द हॅबिट ऑफ बीइंग' या नावाने सॅली फिट्झगेराल्ड यांनी त्यांची निवडक पत्रे प्रसिद्ध केली. संपादिका लेखिकेची जिवलग स्नेही. हा ग्रंथ आम्ही ज्या ज्या वेळी हाती घेतला, त्या त्या वेळी तो लवकर खाली ठेवता आला नाही. दुखणे अंगात मुरलेले, चालायला कुबड्या, सोबतीला आई आणि अंगणातले मोर. तरीही तक्रारीचा सूर नाही. श्रद्धेविषयी लिहिताना भाबडेपणा नाही, आणि विनोद तर पानोपानी. कॅथलिक वाचकाला ही बाई आपल्याच धर्मग्रामातली वाटावी, इतकी ती जवळची होते.

या ग्रंथात एका मैत्रिणीचा उल्लेख केवळ 'ए' या अक्षराने केला आहे. तिचे नाव बेटी हेस्टर. १९५५ साली एका अपरिचित वाचकाचे पत्र म्हणून सुरू झालेला हा पत्रव्यवहार बाईंच्या मृत्यूपर्यंत चालला. हेस्टर १९५६ साली ख्रिस्तसभेत आल्या, तेव्हा बाई त्यांच्या दृढीकरणाच्या धर्ममाता झाल्या. १९६१ साली हेस्टर ख्रिस्तसभेतून बाहेर पडल्या. बाईंना दुःख झाले, पण मैत्री तुटली नाही. हेस्टर यांनी ही पत्रे १९८७ साली एमरी विद्यापीठाला दिली, ती वीस वर्षे बंद ठेवण्याच्या अटीवर. २००७ साली ती अभ्यासकांना खुली झाली.

येथवर सारे मनाला सुखावणारे आहे. परंतु निवडक पत्रांचा ग्रंथ हे अखेर एका स्नेह्याने रेखाटलेले चित्र असते, आणि स्नेही रेखाटतो तेव्हा काही रेषा हलक्या हाताने काढतो. कृष्णवर्णीयांविषयी बाईंनी लिहिलेला काही मजकूर, विशेषतः नाटककार मॅरिअट ली यांना लिहिलेल्या पत्रांतला, अतिशय बोचरा आहे. समान हक्कांचे तत्त्व आपल्याला मान्य आहे, पण आपली आवडनिवड त्या बाजूची नाही, अशा आशयाची कबुली त्या देतात. जेम्स बॉल्डविन या कृष्णवर्णीय लेखकाची जॉर्जियात भेट घ्यायला त्यांनी नकार दिला होता, ही गोष्ट १९७९च्या ग्रंथातही आहे. त्याहून कठोर असा काही मजकूर मात्र तेथे नव्हता. २०२० साली तो चर्चेत आला आणि त्याच वर्षी मेरीलँडच्या लॉयोला विद्यापीठाने आपल्या एका वसतिगृहाचे ओ'कॉनर हे नाव उतरवून सिस्टर थिया बोमन या कृष्णवर्णीय धर्मभगिनीचे नाव दिले.

त्यावर वाचकांचे दोन पक्ष झाले. काहींना लेखिकाच नकोशी झाली. काहींनी 'तो काळच तसा होता' म्हणून पडदा ओढला. आम्हांला हे दोन्ही मार्ग सोपे वाटतात. त्याच काळात, त्याच दक्षिणेत निराळे वागणारी माणसेही होती. तेव्हा काळावर दोष ढकलून सुटका नाही. पण लेखिकेचा शोध पत्रांपाशी थांबवणेही योग्य नाही. पत्र एका बैठकीत लिहून होते. कथा मात्र रोज सकाळी पुन्हा मेजावर येते आणि कालच्या वाक्याचा जाब विचारते. म्हणून आम्ही वाचकांना पत्रांकडून खर्ड्यांकडे नेऊ इच्छितो.

बाईंची पहिली प्रसिद्ध कथा 'द जेरेनियम' १९४६ सालची. आयोवा विद्यापीठाला १९४७ साली सादर केलेल्या त्यांच्या प्रबंधसंग्रहाचे नावही तेच होते. दक्षिणेतला एक गोरा म्हातारा न्यूयॉर्कला लेकीकडे येऊन पडला आहे. शेजारी राहणारा कृष्णवर्णीय गृहस्थ त्याला हात धरून जिना चढवतो, आणि हा सौजन्याचा स्पर्शच म्हाताऱ्याला अपमान वाटतो. ही कथा बाईंनी सोडली नाही. मधल्या काळात 'ॲन एग्झाइल इन द ईस्ट' या नावाने त्यांनी ती नव्याने लिहिली. अखेरच्या आजारपणात ती पुन्हा हाती घेतली, आणि 'जजमेंट डे' या नावाने ती त्यांच्या मृत्यूनंतर १९६५च्या संग्रहात आली. एका कथेशी अठरा वर्षे झुंज!

या अठरा वर्षांत काय बदलले? पहिल्या कथेतला शेजारी केवळ सौजन्याची मूर्ती आहे. म्हाताऱ्याला लाजवण्यापुरताच तो येतो. शेवटच्या कथेतला शेजारी नट आहे. म्हातारा त्याला गावाकडच्या सवयीने 'प्रीचर' म्हणतो, तेव्हा तो संतापतो. लादलेली भूमिका तो फेकून देतो आणि म्हाताऱ्यालाही भिरकावतो. शिवाय येथे कोलमन हे नवे पात्र आले आहे. म्हाताऱ्याने एकेकाळी लाकूड कोरून केलेला, काचा नसलेला चष्मा तो डोळ्यांवर चढवतो, आणि त्यातून दोघे एकमेकांना निरखतात. तीस वर्षांची विषम, विचित्र आणि तरीही खरी सोबत त्या चष्म्यातून सुरू होते. शवपेटीतून गावी पोहोचल्यावर उठून बसायचे आणि न्यायाचा दिवस आला म्हणून ओरडायचे, असे स्वप्न म्हातारा पाहतो. प्रत्यक्षात न्याय होतो तो त्याचाच, जिन्याच्या कठड्यात अडकून.

यामुळे पत्रांतला दोष धुऊन निघतो, असे आमचे म्हणणे नाही. शेवटच्या कथेतही आपण गोऱ्या म्हाताऱ्याच्याच डोळ्यांनी पाहतो. नटाच्या मनाचे दार बंदच राहते, आणि ते लेखिकेला उघडता आले नाही, ही तिची मर्यादा आम्ही मान्य करतो. पण ज्या ठिकाणी आपली दृष्टी अधू आहे, नेमक्या त्याच ठिकाणी ही बाई मरेपर्यंत परत परत आली. कुमसाराला जाणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. तेच पाप पुन्हा पुन्हा सांगण्यात लाज असते, पण सांगायचे थांबवण्यात नाश असतो.

विद्यापीठाच्या पेट्यांचे मोल आम्हांला यात दिसते. तेथे लेखकाची मूर्ती बसवलेली नाही, आणि त्याच्यावर खटलाही भरलेला नाही. सुटे कागद आहेत, खोडलेल्या ओळी आहेत. जॉर्जियाला जाणे आपल्यापैकी थोड्यांनाच जमेल. पण १९७१ साली निघालेल्या 'द कम्प्लीट स्टोरीज' या संग्रहात 'द जेरेनियम' ही पहिली कथा आहे आणि 'जजमेंट डे' ही शेवटची. वाचकांनी मधली पाने तूर्त बाजूला ठेवून या दोन कथा लागोपाठ वाचाव्यात. मग पत्रे उघडावीत, बोचणाऱ्या पत्रांसकट.