बिगरमानवांची फाइल : असिमोव्हच्या साम्राज्यातले परके

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे. मांडणी तशीच ठेवली आहे.)

विषय वाचून मघाशी दोघातिघांनी मला विचारलं, "म्हणजे आज स्टार वॉर्स का?" तसं नाही. पण सुरुवात तिथून करायला हरकत नाही, कारण ते बहुतेकांनी पाहिलेलं आहे. 1977 चा पहिला सिनेमा आठवा. साम्राज्याचे अधिकारी झाडून सगळे माणसं. पुढे 1991 मध्ये टिमथी झानने कादंबरीत निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा थ्रॉन हा सेनानी आणला, तेव्हा हा परग्रहवासी असून इतका वर कसा चढला याचं स्पष्टीकरण द्यावं लागलं. म्हणजे साम्राज्य परग्रहवासीयांचा दुस्वास करतं हे वाचकांनी तोवर गृहीतच धरलं होतं. बंडखोरांची बाजू तेवढी स्वच्छ, असंही नाही. त्याच पहिल्या सिनेमात शेवटी पदकं वाटली जातात, आणि च्यूबाका मंचावर उभा असूनही त्याच्या गळ्यात काही पडत नाही. असो.

तिथे सोय अशी आहे की दुस्वास खलनायकांचा आहे. आपण खुर्चीत बसून तो बघतो आणि आपला त्याच्याशी संबंध येत नाही. मला आज अशा साम्राज्याबद्दल बोलायचंय जिथे खलनायक नाही, कुणी कुणाला शिवी देत नाही, उलट सगळे काळजीच घेतायत. आयझॅक असिमोव्हचं साम्राज्य. तेच, फाउंडेशनवालं.

फाउंडेशन वाचलेल्यांना एक साधा प्रश्न. लाखो जगांची ती आकाशगंगा. त्यात परग्रहवासी किती? शून्य. एवढ्या अफाट पसाऱ्यात माणसाखेरीज कुणी नाही. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे खटकलंच नव्हतं, खरं सांगतो. खटकायला बरीच वर्षं लागली.

याचं कारण असिमोव्हने स्वतःच नंतर सांगून ठेवलंय. त्याचा संपादक होता जॉन कॅम्पबेल, 'अस्टाउंडिंग' या मासिकाचा. कॅम्पबेलला परग्रहवासीयांच्या कथा आवडायच्या, पण एका अटीवर: माणूस वरचढ ठरला पाहिजे. कुठेतरी बुद्धीने, हिकमतीने, निदान जिद्दीने तरी. असिमोव्हला यात दुसरंच काही ऐकू यायचं. काळ बघा, 1940 च्या आसपासचा. युरोपात वंशश्रेष्ठत्वाच्या नावाने काय चाललं होतं ते तो वाचत होता. 1920 मध्ये रशियात ज्यू कुटुंबात जन्मलेला, 1923 मध्ये आईवडिलांबरोबर अमेरिकेत आलेला, ब्रुकलिनमध्ये वडिलांच्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात राबून वाढलेला हा मुलगा. माणूस श्रेष्ठ आणि बाकीचे कनिष्ठ, ही गोष्ट लिहायला त्याला जड जात होतं. संपादकाशी भांडायचंही नव्हतं. मग त्याने पळवाट काढली. परग्रहवासी ठेवायचेच नाहीत! ज्याला कनिष्ठ ठरवायचं तोच नसेल तर वाद कशाचा?

थोडं थांबून शब्दाबद्दल बोलतो, कारण मराठीत इथे काहीतरी निसटतं. आपण 'परग्रहवासी' म्हणतो, म्हणजे दुसऱ्या ग्रहावर राहणारा. नुसता पत्ता झाला तो. इंग्रजीतला 'एलियन' हा मुळात कायद्याचा शब्द आहे. अमेरिकेत 1940 साली एलियन रजिस्ट्रेशन अ‍ॅक्ट आला, त्यातला एलियन मंगळावरून आलेला नव्हता. जहाजाने आलेला, अजून नागरिक न झालेला माणूस होता तो. असिमोव्ह 1928 मध्ये नागरिक झाला. म्हणजे लहानपणी काही वर्षं तो स्वतः कागदोपत्री एलियनच. त्याच्यासाठी हा शब्द कल्पनेतला नव्हता.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ही पळवाट असिमोव्हने एकदा मोडली. मार्च 1945 च्या 'अस्टाउंडिंग'मध्ये त्याची 'ब्लाइंड अ‍ॅली' नावाची कथा आली. बंद गल्ली म्हणा, किंवा पुढे रस्ताच नसलेला बोळ. काळ हारी सेल्डनच्या कितीतरी आधीचा, साम्राज्य जोमात असतानाचा. कथेच्या डोक्यावर एका काल्पनिक इतिहासकाराचं विधान आहे, त्याचा मथितार्थ असा की आकाशगंगेच्या सगळ्या इतिहासात माणसाखेरीज बुद्धिमान वंश सापडला तो एकदाच.

हा वंश सापडतो एका कोरड्या, मरायला टेकलेल्या ग्रहावर. साम्राज्य काय करतं? मारत नाही. लुटत नाही, लुटण्यासारखं काही नाहीच. साम्राज्य त्यांना उचलून चांगल्या ग्रहावर नेऊन ठेवतं. सेफियस 18. हवा चांगली, खाणंपिणं व्यवस्थित, राहायची सोय, अभ्यास करायला शास्त्रज्ञांचं पथक, देखरेखीला मुलकी अधिकारी. आपल्याकडे याला एक शब्द आहे आणि तो आपल्या चांगल्या परिचयाचा आहे : पुनर्वसन. (हशा)

आणि मग लक्षात येतं की यांच्यात मुलंच जन्माला येत नाहीयेत. शास्त्रज्ञ गोंधळात. शरीरात दोष नाही. दोष एवढाच की त्यांना कळून चुकलंय, वर दिसणारा प्रत्येक तारा माणसांचा आहे. आपल्याला जायला कुठे जागा उरलेली नाही. मग पोरं कशाला जन्माला घालायची?

मला ही कथा असिमोव्हच्या उत्तम कथांपैकी वाटते, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. तिचं पहिलं बळ तिच्या भाषेत आहे. कथेचा बराच भाग सरकारी पत्रांचा आहे. प्रेषक, प्रति, विषय, संदर्भ. अमुक क्रमांकाच्या पत्रान्वये. असिमोव्ह तेव्हा फिलाडेल्फियाला नौदलाच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, आणि कागदांचा तो सहवास इथे उतरलाय असं मला वाटतं. ही कथा कुणीतरी अस्सल सरकारी मराठीत आणावी अशी माझी फार इच्छा आहे. 'उपरोक्त विषयास अनुसरून', 'उचित कार्यवाहीस्तव सादर', 'सदर बिगरमानवांबाबत'. इंग्रजीत जो विनोद अर्धा पोहोचतो तो आपल्याकडे सबंध पोहोचेल, कारण आवक-जावक नोंदवही म्हणजे काय हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आणि तो 'बिगरमानव' शब्द! साम्राज्याने त्यांना दिलेली ओळख ती. ते काय आहेत हे त्यात नाहीच. काय नाहीत तेवढं आहे. पूर्वग्रह म्हटला की आपण घृणा शोधायला जातो. या कथेत घृणा जवळजवळ नाही. पण ते फाइलमध्ये विषय म्हणून येतात, प्रेषक म्हणून कधीच येत नाहीत. त्यांचं काय करायचं यावर सगळे लिहितात, ते काही लिहीत नाहीत. मला हा पूर्वग्रहाचा जास्त टिकाऊ प्रकार वाटतो. शिवी देणाऱ्याला निदान थांबवता तरी येतं. काळजी घेणाऱ्याला काय म्हणून थांबवणार?

ही कथा छापून आली तेव्हा अमेरिकेत काय चालू होतं तेही बघा. जपानी वंशाच्या लाखावर लोकांना, त्यातले बहुसंख्य नागरिकच, 1942 पासून घरातून उठवून छावण्यांत ठेवलं होतं. आणि त्याच्या शंभर वर्षं आधीपासून मूळच्या इंडियन जमातींना त्यांच्या जमिनींवरून हलवून राखीव प्रदेशांत बसवण्याचा उद्योग होताच. 1830 चा कायदा आहे त्याचा. असिमोव्हच्या मनात यातलं काय होतं असा दावा मी करणार नाही. पण तेव्हाच्या अमेरिकी वाचकाला तारेचं कुंपण कल्पनेने उभं करावं लागलं नसेल.

कथेचा नायक अँट्यॉक. तिथला मुख्य प्रशासक. मुरलेला बाबू. तो बंड करत नाही, भाषण करत नाही, राजीनामाही देत नाही. तो पत्रं लिहितो. एक इकडे, एक तिकडे. प्रत्येक पत्र नियमात चोख बसणारं. वेगवेगळ्या खात्यांना ती वेगवेगळी मिळतात, त्यामुळे सगळी एकत्र कुणी वाचत नाही. एकत्र वाचली तर तो सुटकेचा आराखडा आहे. शेवटी बिगरमानवांच्या हाती जहाजं लागतात आणि ते आकाशगंगा सोडून मॅगेलॅनिक मेघांकडे निघून जातात. अँट्यॉकवर ठपका ठेवायला कागदावर एक ओळ सापडत नाही.

वाचून संपल्यावर बरं वाटतं. टाळी वाजवावीशी वाटते. माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

कारण काय झालं? ते गेले. साम्राज्याला शेवटपर्यंत काहीच बदलावं लागलं नाही. एकही ग्रह सोडावा लागला नाही, एकही नियम दुरुस्त करावा लागला नाही, शेजारी म्हणून कुणाबरोबर राहायला शिकावं लागलं नाही. सगळ्यात सहृदय माणसाने शोधलेला सगळ्यात सहृदय उपाय म्हणजे त्यांना गुपचूप बाहेर जाऊ देणं. आणि त्यानंतरची आकाशगंगा कशी? फाउंडेशनमध्ये दिसते तशीच. निव्वळ माणसांची.

आता असिमोव्ह आणि अँट्यॉक शेजारी शेजारी ठेवून बघा. दोघांच्या डोक्यावर वरिष्ठ आहे. दोघांना वरिष्ठाचं म्हणणं पटत नाही. दोघंही तोंडावर नाही म्हणत नाहीत, नियमातली फट शोधतात. अँट्यॉक बिगरमानवांना साम्राज्याच्या हाताबाहेर पाठवतो, असिमोव्ह त्यांना कॅम्पबेलच्या हाताबाहेर पाठवतो. मला यात असिमोव्हची थट्टा करायची नाही. ते सभ्य माणसाचं वागणं होतं. पण कॅम्पबेलचं काय बिघडलं? त्याला माणूस वरचढ हवा होता. त्याला अशी आकाशगंगा मिळाली जिथे दुसरा कुणी नाहीच. न्यायाने बोलायचं तर 'ब्लाइंड अ‍ॅली' कॅम्पबेलनेच छापली. पण त्याला अडचण वाटावी असं त्यात होतं काय? सत्ता माणसाकडे, औदार्य माणसाकडे, अक्कलही माणसाची.

ही पळवाट सगळ्यांना उपलब्ध नव्हती. सॅम्युएल डिलेनी. कृष्णवर्णीय अमेरिकी लेखक, विज्ञानकथेतला अत्यंत मोठा माणूस. त्याची 'नोव्हा' कादंबरी 1968 ची. क्रमशः छापण्यासाठी ती कॅम्पबेलकडे गेली. डिलेनीने पुढे 1998 च्या आपल्या निबंधात लिहिलंय की कॅम्पबेलने ती नाकारली, कारण आपल्या वाचकांना कृष्णवर्णीय नायक आपलासा वाटणार नाही असं त्याचं म्हणणं होतं. याच दशकात कॅम्पबेल आपल्या संपादकीयांत गुलामगिरीची पाठराखण करत होता, म्हणजे हे एकट्या बाजाराचं गणित नव्हतं. असिमोव्ह परग्रहवासी वगळू शकत होता, कारण ते कागदावरचे होते. डिलेनीने कुणाला वगळायचं? त्याला मॅगेलॅनिक मेघांत जायची सोय नव्हती. 2019 मध्ये डब्लिनच्या विज्ञानकथा संमेलनात लेखिका जेनेट इंग यांनी पुरस्कार घेताना कॅम्पबेलबद्दल स्पष्ट शब्दांत बोलून दाखवलं, आणि त्याच्या नावाचा तो पुरस्कार त्याच वर्षी नाव बदलून 'अस्टाउंडिंग'च्या नावाने देऊ लागले. तो सविस्तर विषय वेगळा आहे.

असिमोव्हला स्वतःला ही रिकामी जागा सलत असावी. कारण 1986 च्या 'फाउंडेशन अँड अर्थ'मध्ये, आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांनी दोन मिनिटं कान बंद करा, ट्रेव्हिझला शेवटी उमगतं की सेल्डनच्या सगळ्या गणिताखाली एक न बोललेलं गृहीतक आहे : आकाशगंगेत बुद्धिमान जीव माणूस एकटाच. चाळीसहून जास्त वर्षं ज्या पायावर इमारत चढवली तो पाय त्याने स्वतःच उकरून दाखवला. हे मोठेपण आहे. फक्त बघा, हे उमगल्यावर ट्रेव्हिझला काय वाटतं? भीती. बाहेरून कुणी आलं तर? आणि शेवटच्या ओळींत तो फॅलमच्या डोळ्यांकडे बघायचं टाळतो. फॅलम हे सोलारियाचं पोर, माणसाचंच वंशज, पण स्त्री-पुरुष दोन्ही एकात असलेलं, वेगळं. अख्ख्या मालिकेत परका म्हणावा असा जीव जहाजात, शेजारी येऊन बसला, तर नजर वळवली जाते.

एक प्रश्न आलाय, तो घेतो आणि थांबतो. "मग असिमोव्ह भित्रा होता असं म्हणायचंय का?" नाही हो. कॅम्पबेलला पहिल्यांदा भेटला तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, 1938 मध्ये. हस्तलिखित घेऊन स्वतः कचेरीत गेला होता. त्या वयात, त्या परिस्थितीत मी काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित माणसं जिंकणारी कथा लिहून मोकळा झालो असतो. आणि "फाउंडेशन वाचायचं का?" जरूर वाचा. पण त्याआधी 'द अर्ली असिमोव्ह' या संग्रहातून 'ब्लाइंड अ‍ॅली' काढून वाचा, तासाभराचं काम आहे. मग फाउंडेशनचं पहिलं प्रकरण उघडा. तो गाल डॉर्निक पहिल्यांदा ट्रॅन्टरवर उतरतो, चाळीस अब्जांहून जास्त वस्तीच्या त्या शहरात. खेड्यातून आलेलं पोर, डोळे विस्फारून सगळं बघतंय. त्या गर्दीत त्याला काय दिसत नाहीये, ते या वेळी तुम्ही बघा.