मालकी आणि दायित्व : एका ग्रंथाचे परीक्षण

मोडकळीस आलेला व्यापार विकत घ्यावा, त्याची घडी बसवावी आणि वाढीव किमतीस तो विकावा, असे ‘प्रायव्हेट इक्विटी’ संस्थांच्या कार्याचे स्वरूप सामान्यतः सांगितले जाते. अमेरिकेतील अनुभवाच्या आधारे या समजुतीची कसोटी पाहणारा ग्रंथ म्हणजे आयलीन ॲपलबॉम आणि रोझमेरी बॅट या विदुषींचा ‘प्रायव्हेट इक्विटी ॲट वर्क’ (२०१४) हा होय. धंदा तरला की बुडाला, एवढ्यावर न थांबता, बुडाल्यास हानी कोणाच्या पदरी पडली, हा प्रश्न त्यांनी मध्यवर्ती मानला आहे. ग्रंथाचे मोल येथेच आहे.

खरेदीच्या रकमेचा मोठा भाग कर्जाऊ असतो आणि त्या कर्जाचा भार खरेदीदार संस्थेवर नव्हे, तर विकत घेतलेल्या कंपनीवर पडतो. परिणामी यशाचे फळ मुख्यतः मालकास लाभते. अपयश मात्र कामगार, पुरवठादार आणि धनको यांना भोगावे लागते, हे ग्रंथाचे मूळ प्रतिपादन. लहान व मध्यम कंपन्यांना अशा मालकीचा लाभही होऊ शकतो, हे लेखिकांनी नाकारलेले नाही.

मर्विन्स ही दुकानसाखळी १९४९ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. २००४ मध्ये सर्बेरस, सन कॅपिटल आणि लूबर्ट-ॲडलर यांनी ती टार्गेट कंपनीकडून सुमारे १२० कोटी डॉलरांना घेतली. पुढे जागा आणि दुकानदारी यांची फारकत करण्यात आली. काल ज्या इमारती स्वतःच्या होत्या, त्यांचेच भाडे मर्विन्सला भरावे लागले. जुलै २००८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी सर्व दुकाने बंद करण्याचे ठरले.

येथे एक आक्षेप संभवतो. मर्विन्स आधीच दुर्बल होती. शिवाय २००८ हे मंदीचे वर्ष. रोगी दगावला एवढ्यावरून वैद्य दोषी ठरत नाही. समान स्थितीतील कंपन्यांशी तुलना केल्याविना कारण सिद्ध होत नाही. ग्रंथात सांख्यिकीय संशोधनाचा परामर्श आहे. तरी वाचकाच्या मनावर ठसतात त्या कथा, आणि कथेचा प्रभाव पुराव्याहून अधिक असणे हा अशा लेखनातील धोका होय. परंतु मर्विन्सपुरता हा आक्षेप अर्धाच टिकतो. विक्री का घटली, हे मंदीने समजते. भाडे कोणाकडे गेले, हे मंदीने समजत नाही.

ग्रंथानंतरची घटनाही हेच सुचविते. टॉइज आर अस ही खेळण्यांची कंपनी २००५ साली सुमारे ६६० कोटी डॉलरांना विकली गेली. २०१७ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि २०१८ मध्ये तिची अमेरिकेतील दुकाने बंद झाली. वॉलमार्ट व ॲमेझॉन यांची स्पर्धा खरी होती. परंतु त्या स्पर्धेस तोंड देण्यासाठी लागणारा पैसा कर्जफेडीत जात होता, हेही तितकेच खरे.

म्हणून हा ग्रंथ अंतिम निर्णय म्हणून नव्हे, तर अभ्यासाची दिशा म्हणून स्वीकारावा. कर्ज काढण्याचा अधिकार आणि ते फेडण्याचे दायित्व एकाच हाती आहे काय, ही पृच्छा अशा प्रत्येक व्यवहाराच्या अभ्यासात प्रथम व्हावयास हवी.