न विरघळणारा सूळ : मराठी ख्रिस्ती भक्तिलेखनातील बलिदान, दुःख आणि कृतज्ञता

मराठी वाङ्मयेतिहासात ख्रिस्ती लेखनाला दोन दारांनी प्रवेश मिळाला आहे. फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' भाषेचा ऐतिहासिक पुरावा म्हणून आत आले, तर लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' आत्मचरित्राचा आदर्श म्हणून. दोन्ही ठिकाणी ख्रिस्ती असणे ही जणू आनुषंगिक बाब ठरली. स्टीफन्सच्या ओवीचे कौतुक झाले, पण ती ओवी कशासाठी गायिली गेली याची चर्चा क्वचितच झाली. लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे आणि निर्व्याज निवेदनाचे गोडवे गायिले गेले, मात्र त्या विनोदामागे दुःखाविषयीची कोणती धारणा उभी आहे हा प्रश्न 'धार्मिक' म्हणून बाजूला पडला. प्रस्तुत लेखाला या विभागणीविषयीच शंका घ्यावयाची आहे. बलिदान, दुःख आणि कृतज्ञता या तीन कल्पनांवर ख्रिस्ती भक्तीचा डोलारा उभा असतो. त्या मराठीत आल्या तेव्हा त्यांना मराठी शब्दांचे संचित पत्करावे लागले, आणि या पत्करण्यातच मराठी ख्रिस्ती साहित्याचे खरे नाट्य घडले आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. ख्रिस्ताच्या मरणाला 'यज्ञ' म्हणावे तर यज्ञात माणूस देवाला देतो. येथे देणारा देव आहे. दिशाच उलटते. 'त्याग' म्हणावा तर संन्याशाची भगवी छाटी डोळ्यांपुढे येते आणि दुःखाचा दाह मावळून वैराग्याची शीतलता उरते. राहिला 'बळी'. हा शब्द फार बोलका आणि म्हणूनच फार अडचणीचा आहे. गावाच्या वेशीवर मरीआईला दिला जाणारा बकरा हा बळी, आणि दिवाळीच्या पाडव्याला बाया ज्याचे राज्य येवो म्हणून ओवाळतात तो राजाही बळीच. एक मुका, दुसरा दानशूर. पहिल्याला विचारत कोणीच नाही, दुसरा दिलेल्या शब्दासाठी पाताळात जातो. बायबलच्या मराठी भाषांतरकारांसमोर प्रामुख्याने पहिला अर्थ होता, कारण यहुदी मंदिरातील पशुबलीची परिभाषा त्यांना मराठीत उभी करावयाची होती. दुसरा अर्थ ओळखला तो चर्चच्या बाहेर उभ्या असलेल्या जोतीराव फुल्यांनी. 'गुलामगिरी'त (१८७३) त्यांनी येशूला बळीराजाच्या परंपरेत आणून बसविले. धर्मशास्त्राच्या काटेकोर दृष्टीने ही ओढाताण म्हणता येईल, परंतु भाषिक अंतर्दृष्टी म्हणून तिला तोड नाही. जो चिरडला गेला तोच देणारा आणि तोच परत येणारा, ही सांगड मराठीच्या एका शब्दात आधीपासून दडलेली होती. मिशनच्या गीतकारांनी तिचा उपयोग करून घेतला नाही, याचे आश्चर्य वाटते.

'कृतज्ञते'ची अडचण निराळी. मराठी ख्रिस्ती परिभाषेत आभारप्रार्थनेसाठी 'उपकारस्तुती' हा शब्द रूढ झाला. पण मराठीत उपकाराचे ओझे होते, उपकार फेडावे लागतात, उपकाराखाली माणूस दबतो. मार्सेल मॉसने दानाविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात (१९२५) परतफेडीच्या ज्या अलिखित सक्तीचे विवेचन केले आहे, तिचा मराठी पर्याय शोधावयाचा तर तो 'उपकार' हाच होय. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे मात्र कृपा फेडता येत नाही, तिची परतफेड करू पाहणे हाच तिचा अवमान. म्हणजे जी कल्पना ऋणातून सोडवते, तिच्यासाठी ऋणाचाच शब्द! वारकऱ्यांचा 'उतराई' हा शब्द या कोंडीतून थोडी वाट काढतो, कारण तो बहुधा 'उतराई कसा होऊ' अशा असमर्थतेच्या प्रश्नातच येतो. तिसरा शब्द 'कृतज्ञता' संस्कृत वळणाचा म्हणून भक्तिगीतांत कमी दिसतो, तथापि त्याची फोड नेमकी आहे: केलेले जाणणे. यात फेडण्याचा उल्लेख नाही, फक्त जाणण्याचा आहे. हा भेद पुढे लक्ष्मीबाईंकडे वळताना उपयोगी पडेल.

स्टीफन्सविषयी थोडक्यात. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे पुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. दोन भाग, अनुक्रमे ३६ व ५९ 'अवस्वर', आणि एकूण १०,९६२ ओव्या असा त्याचा विस्तार आहे. स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द योजण्यास स्टीफन्स कचरला नाही, कारण नवख्रिस्ती श्रोत्यांचे पुराणश्रवण सुटले होते आणि ती पोकळी भरावयाची होती. परंतु पुराणाच्या रूपबंधाची एक अपेक्षा असते: शेवटी नायक विजयी व्हावा. पुनरुत्थानाने ही अपेक्षा स्टीफन्सला पुरी करता आली, आणि त्यामुळे त्याच्या पुराणात क्रुसाचे दुःख हा कथेच्या प्रवासातील एक मुक्काम ठरतो. श्रोत्याला तेथे फार वेळ थांबावे लागत नाही. ही कवीची उणीव नसून रूपबंधाचा गुण आहे.

खरा पेच उभा राहतो तो भक्तिपरंपरेच्या संदर्भात. सोनपेठ-गंगाखेडच्या गोदावरीकाठच्या पट्ट्यात ज्याचे कान तयार झाले, त्याला देवाच्या कष्टांची कल्पना नवी नाही. गंगाखेड हे परंपरेने जनाबाईचे जन्मगाव मानले जाते आणि जनीबरोबर दळणारा, शेण्या वेचणारा विठ्ठल या भागातील जात्यावरच्या ओव्यांत घरच्यासारखा वावरतो. देवाने मनुष्याचे श्रम अंगावर घ्यावेत ही कल्पना ख्रिस्ती मिशनरी येण्याच्या कितीतरी आधीची आहे. पण हे श्रम सोबतीचे आहेत, मोबदल्याचे नव्हेत. म्हणून जनी विठ्ठलाचे उपकार मानत बसत नाही. ती त्याला रागे भरते, शिव्याही देते. जेथे सलगी आहे तेथे आभार परके वाटतात, हा मराठी घरातला आजही जिवंत असलेला शिष्टाचार आहे. आईने भाकरी वाढली म्हणून कोणी तिचे आभार मानत नाही. मराठी बायबलमध्ये ख्रिस्त स्वतःला जीवनाची 'भाकर' म्हणवतो, आणि मरणाच्या आदल्या रात्री तीच भाकर हाती घेऊन आभार मानतो. ज्वारीच्या मुलखातील श्रोत्याला यातली भाकर तत्काळ कळते. आभार मानणे मात्र नवे असते.

जनाबाईच्या आख्यायिकेतील दुसरा प्रसंग याहून निर्णायक आहे. विठ्ठलाच्या पदकाच्या चोरीचा आळ तिच्यावर येतो, तिला सुळावर नेले जाते आणि सुळाचे पाणी होते. निरपराध व्यक्ती, खोटा आळ, वधस्तंभ: येथवर ही कथा आणि ख्रिस्तकथा समांतर चालतात. मग एका क्षणी त्या कायमच्या दुरावतात, कारण गुलगुथ्याच्या टेकडीवर सुळाचे पाणी होत नाही. एका परंपरेतील कृतज्ञता सुटकेनंतरची आहे. दुसरीला, सुटका झाली नाही तरी आभार कसे मानावेत, हा प्रश्न सोडवावा लागतो. वारकरी परंपरेत सूळ नेहमीच विरघळतो असे मात्र म्हणता येणार नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाखाली चोखामेळा दबून मेला, तेव्हा कोसळणारी भिंत कोणी अडविली नाही. विठ्ठलनाम उमटले ते त्याच्या हाडांतून, मागाहून. हा अपवाद महार संताच्या वाट्याला यावा, ही गोष्ट सहज घेण्यासारखी नाही.

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना हा पेच पुरता ठाऊक होता. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. हा पूल जुना चिरेबंदी असला तरी त्याच्यावरून नेमके काय पलीकडे नेता येते याचा हिशोब टिळकांच्या अभंगांतूनच मांडावा लागतो. माउलीचे वात्सल्य त्यांनी नेले. ख्रिस्ताला गुरुमाउली म्हणताना त्यांची वाणी खरोखर प्रासादिक होते, आणि मराठी उपासनेत त्यांची पदे टिकून राहिली याचे कारण हेच आहे. दुःखाचे मात्र ते बरेचदा फार लवकर सोने करून टाकतात. समर्पण, चरण, दास या शब्दांचा ओघ एवढा सराईत आहे की वेदना उच्चारली जाण्याआधीच ती गोड झालेली असते. गंमत अशी की ख्रिस्ताचे नावही नसलेल्या 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत टिळक दुःखाजवळ अधिक काळ थांबले आहेत. घायाळ पक्षीण पिलांना शेवटचा घास भरवून मरते. ती वाचत नाही आणि त्या मरणातून कोणताही दिलासा काढला जात नाही. बलिदानाची त्यांची सर्वांत प्रामाणिक कविता ही आहे असे माझे मत आहे, आणि ती त्यांच्या भक्तिगीतांबाहेर असावी हा योगायोग मला वाटत नाही.

टिळकांचा त्याग जीवनात होता याविषयी दुमत नाही. १८९५ च्या फेब्रुवारीतील बाप्तिस्म्याने जात, आप्त, प्रतिष्ठा सारे गेले. पुढे १९१७ मध्ये मिशनच्या चाकोरीबाहेर पडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. हाती आलेला पैसा घरी पोचण्याआधी वाटला जाई. परंतु त्यागाला नेहमी दुसरी बाजू असते. एकाने त्याग केला की त्याची किंमत पुष्कळदा दुसरा मोजतो, आणि मराठी चरित्रपरंपरेत हा दुसरा बहुधा पत्नी असतो. आवलीने ही किंमत मोजली, पण तिची बाजू लिहिणारी लेखणी तिच्या हाती नव्हती. लक्ष्मीबाईंच्या हाती ती आली. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले 'स्मृतिचित्रे' हे माझ्या मते त्यागाच्या धर्मशास्त्राची आतून केलेली चिकित्सा आहे.

तिचे स्वरूप नीट पाहावे. वडिलांच्या सोवळ्याचे वेड, नवऱ्याचा संताप आणि औदार्य, बाप्तिस्म्याची बातमी, नंतरची वर्षानुवर्षांची ताटातूट, लहानग्या दत्तूला घेऊन पंढरपुरास काढलेले दिवस: एवढे भोगून या बाईने आपल्या सोसण्याला एकदाही 'बलिदान' म्हटलेले नाही. साध्वीचे, सहधर्मचारिणीचे आयते सिंहासन मांडून ठेवलेले होते, त्यावर ती बसत नाही. विनोद येथेच काम करतो. समीक्षेने या विनोदाला स्वभावधर्म म्हणून सोडून दिले, पण तो एक नैतिक निर्णय आहे. स्वतःचे दुःख उदात्त करणे म्हणजे ते देणाऱ्याला मोकळे करणे. विनोद ते दुःख हास्यास्पद करत नाही, तो त्याचे माप घेतो: कोण काय बोलले, घरात काय होते आणि काय नव्हते, कोण कोठे चुकले. टिळकांवरील प्रेम या हिशोबाने उणावत नाही, आणि प्रेमापोटी हिशोबही खोडला जात नाही. वर केलेली 'कृतज्ञता' या शब्दाची फोड येथे आठवावी. केलेले जाणणे यात बरे आणि वाईट दोन्ही येते.

ख्रिस्ती होण्याचा त्यांचा मार्गही याच वळणाचा आहे. जातिभेदाचे ओझे उतरते ते १९०० मधल्या बाप्तिस्म्याच्या आधी, आणि उतरते ते कोणत्याही दृष्टान्ताशिवाय, स्वतःशी केलेल्या साध्या विचारातून. पुढे नगरला प्लेगच्या छावणीत त्यांनी शुश्रूषा केली, पण तेथेही सेवेचा गौरव करणारा स्वर लागत नाही. सेवा घरकामासारखी अंगावर पडलेली असते आणि ती करावयाची असते. सुळाचे पाणी झालेले नाही. सूळ तेथेच आहे, आणि त्याच्या शेजारी चूल पेटवावी लागते आहे. दुःखातून तात्पर्य न काढता दुःखानंतरही आभारी राहता येते, हे मराठी गद्याने प्रथम येथे दाखविले.

या वाचनाला एक मर्यादा आहे, ती टाळून चालणार नाही. लक्ष्मीबाई आणि टिळक यांना गमावण्यासारखे काही होते. ब्राह्मण्य सोडणे हा त्याग म्हणता येतो. नगर आणि जालना या भागांतील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार-मांग समाजातून आली. निजामाच्या राज्यात जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी वसविलेल्या बेथेलसारख्या वस्तीकडे ती वळली तेव्हा त्यांनी काही सोडले म्हणावे, की प्रथमच काही मिळविले म्हणावे? ज्याचे दुःख निवडलेले नाही त्याला दुःखाचे आशीर्वाद सांगणे हे फार धोक्याचे असते. १९८० च्या दशकात अरविंद निर्मळ यांनी दलित ईश्वरशास्त्राची मांडणी केली ती या धोक्याच्या जाणिवेतून, आणि रने जिरार्दने ख्रिस्तकथेचे वेगळेपण बळीची निरपराधता उघड करण्यात पाहिले तेही येथे जुळते. पण मराठी उपासनेच्या गीतांत निरपराध बळी आणि त्याला मारणारी व्यवस्था यांचे नाते शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. तेथे पाप माझे असते, नेहमी माझे. गावकुसाबाहेरच्या गायकाने ते 'माझे' म्हणून गावे, यात काय घडते? चोखोबाच्या अभंगांपाशी हा प्रश्न आपण विचारू लागलो आहोत. ख्रिस्ती पदांपाशी तो अद्याप विचारावयाचा आहे.

लक्ष्मीबाईंनी आयुष्याच्या उत्तरार्धात दोन पुस्तके लिहिली हे आपण विसरतो. टिळकांनी आरंभीचे काही अध्याय लिहून सोडलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुढे नेले आणि त्यातील बहुतांश अध्याय त्यांचेच आहेत. ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. अभ्यासक्रमांत त्याची नोंद एका वाक्याने होते. पतीचे अपुरे काम पुरे करणारी पत्नी, ही प्रतिमा 'स्मृतिचित्रे'ने नाकारलेलीच प्रतिमा आहे, आणि कदाचित म्हणूनच हे दोन ग्रंथ कोणी शेजारी ठेवत नाही. ठेवून पाहावेत. ज्या हाताने संसारातल्या क्रुसाचा हिशोब गद्यात लिहिला, त्याच हाताने दुसऱ्याच्या क्रुसाची कथा ओवीबद्ध केली. जेथे टिळकांचे अध्याय संपून लक्ष्मीबाईंचे सुरू होतात, त्या सांध्यापासून वाचनास प्रारंभ करावा.