फ्रेंच कन्यकांचीं जुनीं नांवें

नांव म्हणजे केवळ हांक मारण्याची सोय, असें व्यवहारी माणूस म्हणेल. पण कादंबरी वाचणाऱ्यास तें पटावयाचें नाहीं. पात्र तोंड उघडण्यापूर्वींच त्याचें नांव त्याच्याविषयीं बरेंच कांहीं सांगून गेलेलें असतें. फ्रेंच कथावाङ्मयांतील मुलींच्या जुन्या नांवांविषयीं तर रसिकांस विशेष मोह वाटतो. क्लोतिल्द, ओजेनी, मातिल्द, लेओंतीन, झोझेफीन, फेलिसिते हीं नांवें नुसतीं एकामागून एक उच्चारलीं, तरी आजीची बंद पेटी कोणीं उघडावी आणि आंतील जुन्या वस्त्रांचा मंद सुवास घरभर पसरावा, तसें कांहींसें होतें. परंतु हा मोह नेमका कशाचा, याचा विचार क्वचितच केला जातो. नांवें कानास गोड लागतात, एवढें सांगून बहुतेक लोक थांबतात. आम्हांस हें उत्तर अपुरें वाटतें. ज्यांनीं हीं नांवें ठेविलीं, त्यांनीं गोडव्याचा विचार फारसा केलाच नव्हता, आणि त्यांची मोहिनी तेथेंच शोधली पाहिजे.

मातिल्द हें नांव घ्या. आज तें ओठांवर लोण्यासारखें विरघळतें. पण त्याचा उगम जुन्या जर्मानिक भाषेंत असून त्याच्या दोन अवयवांचे अर्थ 'बल' आणि 'युद्ध' असे आहेत. क्लोतिल्द हें फ्रँक लोकांचा राजा क्लोव्हिस याच्या राणीचें नांव. त्यांतही कीर्ति आणि युद्ध हे शब्द दडलेले आहेत. बर्त म्हणजे तेजस्विनी. शार्लमेनच्या आईचें हेंच नांव होतें. ४५१ सालीं अटिलाचें सैन्य चालून येत असतां पॅरिसच्या नागरिकांस धीर देणारी झनव्हिएव्ह पुढें त्या नगरीची रक्षणकर्ती संत मानली गेली. ज्या नांवांस आपण आज नाजुक म्हणतों, त्यांच्या पाठीशीं असा रणांगणांचा इतिहास आहे. नदीच्या पात्रांतील धोंडा शेंकडों वर्षें पाण्यानें घासून गुळगुळीत व्हावा, तसे त्यांचे कोपरे पिढ्यान् पिढ्यांच्या जिभांनीं झिजविले. हें सौंदर्य कोणीं योजिलेलें नाहीं. तें घडत गेलें आहे.

दुसरा वर्ग 'ईन' हा प्रत्यय लागणाऱ्या नांवांचा. एर्नेस्तपासून एर्नेस्तीन, ओग्युस्तपासून ओग्युस्तीन, झोझेफपासून झोझेफीन. मोठ्याचा अंगरखा कापून लहानाचें झबलें शिवावें, तसें बापाचें किंवा आजोबाचें नांव थोडें लहान करून मुलीच्या अंगावर घालावयाचें. या प्रत्ययांतील लाडिकपणा कानास रिझवितो. पण मुलीस तिचें स्वतःचें असें नांव दिलेलें नाहीं, हेंही तोच प्रत्यय सांगतो. नेपोलियनची पहिली पत्नी हें याचें ठळक उदाहरण. १७६३ सालीं मार्तिनिक बेटांत जन्मलेल्या या स्त्रीस आप्तजन रोझ म्हणत. तिच्या जन्मनांवांतील झोझेफ या भागावरून नेपोलियन तिला झोझेफीन म्हणूं लागला, आणि इतिहासानें तेवढेंच लक्षांत ठेविलें.

या साऱ्यामागें कायदाही उभा होता. क्रांतीच्या काळांत मुलांस वाटेल तीं नांवें ठेवण्याची लाट आली होती. तिला आळा घालण्यासाठीं १८०३ सालच्या कायद्यानें अशी मर्यादा घातली कीं, निरनिराळ्या पंचांगांत आढळणारीं आणि प्राचीन इतिहासांतील प्रसिद्ध व्यक्तींचीं नांवेंच जन्मनोंदींत घ्यावीं. १९६६ सालीं या नियमाची अंमलबजावणी सैल झाली, आणि १९९३ सालच्या कायद्यानें तो नियमच गेला. मधल्या काळांत ब्रेतान्य प्रांतांतील कांहीं आईबापांस आपल्या भाषेंतील नांवांसाठीं सरकारदरबारीं झगडावें लागलें. जुनीं नांवें मोजकीं, परिचित आणि पुनःपुन्हां येणारीं आहेत, याचें श्रेय रसिकतेपेक्षां संतांच्या पंचांगास, धर्ममातेच्या मानास आणि नोंदणी-कारकुनाच्या लेखणीस अधिक आहे.

नांव ठेवण्यामागील ही ओढाताण फ्लोबेरनें सर्वांत मार्मिकपणें ओळखली. १८५७ सालीं ग्रंथरूपानें निघालेल्या 'मादाम बोव्हारी'त एमाला मुलगी होते, तेव्हां नांवाचा मोठा खल चालतो. एमाला इटालियन वळणाचीं आणि कादंबऱ्यांत शोभणारीं नांवें आवडतात. नवऱ्यास आपल्या आईचें नांव हवें असतें. औषधविक्रेता ओमे लेओंची सूचना म्हणून मादलेन हें नांव कानावर घालतो, तर सासूबाई तें पापिणीचें म्हणून झिडकारतात. शेवटीं एमाला आठवतें कीं, एकदां सरदाराच्या वाड्यांत पाहुणी गेली असतां तेथील यजमानीण एका तरुणीस बर्त म्हणून हांक मारीत होती. आणि तेवढ्यावर निकाल लागतो. वाचतांना हंसूं आणणाऱ्या या प्रकरणांत केवढें क्रौर्य आहे, हें कादंबरीच्या शेवटीं कळतें. आईबाप मरतात, आणि वाड्यांतील तरुणीचें नांव ल्यालेली ती पोर पोटासाठीं सुताच्या गिरणींत जाते. नांवानें तिला कांहींच दिलें नाहीं. आईची अपुरी हौस तेवढी तिच्या गळ्यांत राहिली.

ह्यूगोचा डोळा निराळ्या बाजूकडे वळतो. त्याची १८६२ सालची 'ले मिझेराब्ल' ही कादंबरी साने गुरुजींच्या 'दुःखी'मुळें मराठी वाचकांस परकी नाहीं. तींतील फांतीनला आईबाप ठाऊक नाहींत. रस्त्यावर कोणा वाटसरूनें दिलेलें नांव ती वागविते. तिच्या मुलीचें खरें नांव ओफ्राझी. आईच्या मायेनें त्याचें कोझेत केलें. उलट खाणावळवाल्या तेनार्दिएच्या बायकोनें हलक्या प्रेमकथा वाचून आपल्या मुलींचीं नांवें एपोनीन आणि आझेल्मा अशीं ठेविलीं. ज्या घरांत परक्या पोरीस झाडलोट करावयास लावतात, त्याच घरांत नांवें मात्र नायिकांचीं! पुढें हौसेचें नांव ल्यालेली एपोनीन चिंध्यांत हिंडते, आणि लाडानें मोडतोड होऊन बनलेलें कोझेत हें नांव जगभर प्रिय होतें.

याहूनही खोल जाणारें उदाहरण फ्लोबेरच्याच १८७७ सालच्या 'एक साधें हृदय' या कथेंत आहे. तिची नायिका मोलकरीण. नांव फेलिसिते, म्हणजे सौख्य. कार्थेज येथें २०३ सालीं धर्मासाठीं प्राण देणारी त्या नांवाची संत स्वतः दासी होती. ही फेलिसिते वर्षाला शंभर फ्रँकांवर अर्धें शतक राबते. प्रियकर, भाचा, मालकिणीची मुलगी आणि अखेर लाडका पोपट असें एकेक तिच्या हातून निसटत जातें. तिच्या नांवांत कोणी उपरोध पाहतील. आम्हांस तेथें आदर दिसतो. मोलकरणीस साजेल असें परिचित नांव लेखकानें तिला दिलें, आणि तिच्या आयुष्याकडून त्याचा अर्थ नव्यानें भरून घेतला. वास्तवांतील कित्येक मोलकरणींस एवढाही मान मिळत नसे. नवी बाई कामास ठेविली कीं तिचें नांव बाजूस सारून तिला सरसकट मारी म्हणावयाचें, अशी रीत १९ व्या शतकांतील अनेक फ्रेंच घरांत होती.

आज त्या जुन्या नांवांचे दिवस पुन्हां आले आहेत. लुईज आणि झान हीं १९०० च्या सुमारास घरोघर असलेलीं नांवें मधल्या काळांत मागें पडलीं, आणि एकविसाव्या शतकांत पुन्हां पुढें आलीं. आईचें नांव शिळें वाटतें, आजीचें जुनाट वाटतें, पणजीचें मात्र मोहक वाटतें, असा हा फेरा आहे. याचें कारण उघड आहे: पणजीस कोणीं राबतांना पाहिलेलें नसतें, आणि तिच्या नांवास तिच्या दुखण्यांचा व कुरकुरीचा वास येत नाहीं. पण हा फेराही सर्वांस सारखा न्याय देत नाहीं. २००५ नंतर अनेक वर्षें फ्रान्समध्यें नवजात मुलींस सर्वांत अधिक ठेविलें गेलेलें नांव एमा हें होतें. मुलीसाठीं शोभिवंत नांव शोधून दमलेल्या त्या बाईचें नांव असंख्य पाळण्यांवर गेलें, आणि तिनें निवडलेलें बर्त मात्र दुर्मिळच राहिलें.

या नांवांचा मोह सोडावा, असें आम्ही म्हणत नाहीं. जुनी सक्ती परत यावी, असें तर मुळींच नाहीं. आईबापांस निवडीचें स्वातंत्र्य मिळालें, हें इष्टच झालें. आमचें म्हणणें वाचकांपुरतें आणि अनुवादकांपुरतें आहे. फ्रेंच कादंबरींत ओग्युस्तीन किंवा फेलिसिते भेटली कीं तिच्या नांवाच्या नादावर थांबूं नये. तें कोणाच्या हट्टानें, कोणाच्या मानासाठीं आणि कोणत्या पंचांगांतून आलें, हें विचारावें. अनुवादकानेंही तें केवळ उच्चारास अवघड म्हणून बदलूं नये, कारण त्याबरोबर त्या बाईची पिढी आणि घराची पायरीही पुसली जाते. हीं नांवें आज गोड वाटतात, कारण त्यांच्यांतील भार वाहणाऱ्या बायका आतां बोलावयास उरल्या नाहींत. फ्लोबेरसारख्या लेखकानें तो भार लिहून ठेविला आहे. नांवाची गोडी चाखतांना तोही आपण वाचला पाहिजे.