चेहरा कुणाचा, गळा कुणाचा

ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाचा ‘जॅम सेशन’ नावाचा एक छोटा चित्रपट आहे. १९४२ सालचा, जेमतेम तीन मिनिटांचा. कथा नाही, संवाद नाहीत. वादक जमतात, एलिंग्टन पियानोवर असतात आणि एकेक जण आपला तुकडा वाजवतो. रे नान्सचे व्हायोलिन, रेक्स स्टुअर्टचा कॉर्नेट, बेन वेबस्टरचा सॅक्सोफोन, जो नॅन्टनचा ट्रॉम्बोन, बार्नी बिगार्डची क्लॅरिनेट, शेवटी ड्रमवर सनी ग्रीअर. ज्याची पाळी येते त्याचे नाव पडद्यावर उमटते. हा चित्रपट मी आधी संगीतासाठी पाहत असे. आता त्या नावांसाठी पाहतो. वाजवणारा माणूस, त्याचे वाद्य आणि त्याचे नाव ही तिन्ही एकाच चौकटीत आणण्यात चित्रपटकलेला एरवी फारसा रस नसतो. आपल्याकडे तर नाहीच.

अमेरिकेत या चित्रपटांना ‘साउंडीज’ म्हणत. शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने पॅनोरॅम नावाचे यंत्र बनवले होते. दिसायला लाकडी कपाट, आत १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर, आरसे आणि समोर काचेचा छोटा पडदा. खाणावळीत, दारूच्या गुत्त्यात, बसस्थानकावर ते ठेवलेले असे. दहा सेंटचे नाणे टाकले की एक गाणे दिसे. एका रिळावर आठ गाणी जोडलेली असत आणि रीळ गोल फिरत राही. त्यामुळे गिऱ्हाइकाला हवे ते गाणे निवडता येत नसे. पाळी ज्याची असेल ते पाहायचे. १९४० ते १९४६ या काळात असे अठराशेहून अधिक चित्रपट निघाले. युद्धामुळे यंत्रांसाठी लागणारा माल मिळेना, नवी यंत्रे बनणे थांबले, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच दिवसांत हा धंदाही संपला.

यंत्रातल्या आरशांमुळे प्रतिमा उलटी पडे, म्हणून मूळ प्रतीच उलट्या छापत. पुढे कुणी त्या प्रती सरळ प्रोजेक्टरवर चालवल्या, तशाच उतरवून घेतल्या, आणि उजव्या हाताने ट्रम्पेट वाजवणारे वादक डावखुरे झाले. अशा उलट्या प्रती आजही अधूनमधून भेटतात. केवळ गंमत म्हणून हे सांगत नाही. वादकाचा हात कोणता, हे ज्या चित्रपटात तपासता येते तो चित्रपट हाताकडे पाहत होता, एवढे त्यातून सिद्ध होते.

आता खान्देशात येतो. एलिंग्टनवरून अहिराणी गाण्यांवर येणे ही उडी वाटेल. पण जळगाव-धुळ्यात गेल्या काही वर्षांत निघालेल्या अहिराणी गाण्यांच्या चित्रफिती पाहताना मला दरवेळी साउंडीजच आठवतात. तीन-चार मिनिटांची लांबी, एक गाणे, एक प्रसंग, मोठ्या चित्रपटसृष्टीने जागा न दिलेले कलावंत, आणि पाहणारा चहाच्या टपरीवर उभा. नाण्याऐवजी डेटा जातो, एवढाच फरक. आणि ‘पुढचे गाणे’ अजूनही आपण निवडतो असे नाही, ते आपोआप सुरू होते.

मधल्या काळात मात्र या वाटेवर आपल्याकडे एक मोठा खड्डा आहे. ज्या वर्षांत अमेरिकेत साउंडीज निघत होते, त्याच वर्षांत हिंदुस्थानातही कच्च्या फिल्मची टंचाई होती. १९४२ मध्ये सरकारने कथापटाची लांबी ११,००० फुटांवर आणि जाहिरातपटाची ४०० फुटांवर रोखली. १९४३ मध्ये भारत संरक्षण नियमांत ४४-अ हे कलम आले आणि प्रत्येक चित्रपटगृहाला दर खेळात सरकारमान्य लघुपट, २,००० फुटांपर्यंत, दाखवणे सक्तीचे झाले. ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’चे युद्धप्रचाराचे लघुपट हे त्या सक्तीचे मुख्य खाद्य होते. धुळ्या-जळगावच्या प्रेक्षकानेही ते मुकाट्याने पाहिले असणार. म्हणजे छोट्या लांबीचा पडदा आपल्याकडे त्या काळात होता, पण तो सरकारने अडवलेला होता. नुसत्या गाण्याला स्वतंत्र चित्रपट म्हणून उभे राहायला जागाच नव्हती. गाणे कथापटाच्या पोटात राहिले, आणि तिथे त्याला नायक-नायिकेचा चेहरा घ्यावा लागला.

स्विंग मुंबईपर्यंत पोचले नव्हते असे नाही. ताजमहाल हॉटेलात तीसच्या दशकातच अमेरिकेतले काळे वादक येऊन राहिले होते. लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड ही त्यांतली नावे. त्यांच्याकडून शिकलेल्या गोव्याच्या वादकांनी पुढे हिंदी चित्रपटाचा वाद्यवृंद पेलला. हळदोण्याचे अँतोनियो शावियेर वाझ, म्हणजे ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट, सी. रामचंद्रांचे सहायक होते. ‘शहनाई’ (१९४७) ते ‘अलबेला’ (१९५१) या चार-पाच वर्षांत पुणतांब्याच्या या मराठी संगीतकाराने स्विंगची झिंग हिंदी गाण्यात आणली, ती अशा वादकांच्या खांद्यावर. ‘अलबेला’त चिक चॉकलेट आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. पण त्यांचे नाव पडद्यावर उमटत नाही. आपण भगवानदादांच्या पायांकडे पाहत असतो. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचे नाव लाखो लोकांच्या तोंडी गेले ते १९७७ साली, तेही शिष्याने एका विनोदी गाण्यात घातले म्हणून. ते गाणे गाणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक होते की या नावाचा माणूस खरोखर आहे आणि व्हायोलिन वाजवतो?

खान्देशालाही या संगीताची झुळूक लागली असणार ती भुसावळमधून. तिथल्या रेल्वे वसाहतीत अँग्लो-इंडियन कुटुंबे होती, आणि अशा वसाहतींतल्या इन्स्टिट्यूटमध्ये बॉलरूमचे नाच चालत. युद्धाच्या वर्षांत सैनिकांच्या गाड्या त्याच जंक्शनवरून जात होत्या. पण वसाहतीच्या कुंपणाबाहेर त्या सुरांचे फार काही झाले असे दिसत नाही. खान्देशाचा स्वतःचा स्विंग वेगळाच, आणि तो शब्दशः झोका आहे. आखाजीला माहेरी आलेल्या मुली निंबाच्या फांदीला झोके बांधून गाणी म्हणतात. त्या गाण्यांची लय झोक्याच्या जाण्या-येण्याने ठरते. झोका वर टेकतो तिथे ती क्षणभर थांबते आणि खाली येताना धावते. जॅझवाले ज्याला स्विंग म्हणतात त्यातही ठोका असाच किंचित मागे रेंगाळतो. दोन्हींचे नाते मला लावायचे नाही. मात्र आखाजीची गाणी ऐकलेल्या कानाला स्विंग परके वाटणार नाही, असे मला वाटते.

अहिराणी चित्रफितींचा मार्ग व्हीसीडीवरून आला. शेजारच्या मालेगावात २००० च्या सुमारास हौशी चित्रपटांची लाट आली. तिचे आणि खान्देशी विनोदी फितींचे गिऱ्हाईक बरेचसे एकच. मग मोबाइल आला. सचिन कुमावत यांचे ‘बबल्या इकस केसावर फुगे’ महाराष्ट्रभर वाजले, तेव्हा पुण्या-मुंबईच्या अनेकांनी त्याला निरर्थक बडबड समजून हसून घेतले. अहिराणी कळणाऱ्याला ते वाक्य अगदी सरळ आहे. ‘इकस’ म्हणजे विकतो. गावोगाव फिरून बायकांचे विंचरून निघालेले केस घ्यायचे आणि बदल्यात फुगे द्यायचे, हा एक खराखुरा धंदा आहे. केसांच्या मोलाने फुगे विकणारा बबल्या. एका ओळीत एक माणूस, त्याची ऐपत आणि गावाची नजर आली. चांगल्या विनोदी गाण्याला याहून जास्त काय हवे?

अमेरिकेतला याचा जोडीदार लुई जॉर्डन. त्याची गाणीही बोलीतली, थट्टेखोर, शेजारपाजारच्या माणसांवरची. १९४५ च्या ‘कॅल्डोनिया’ या लघुपटातून त्याची गाणी सुटी करून साउंडीज म्हणून विकली गेली. भारदस्त समीक्षकांनी त्याला बरीच वर्षे विदूषकाच्या खात्यात ठेवले; पुढे रॉक अँड रोलची मुळे शोधताना सगळ्यांना त्याच्याच दारात यावे लागले. पण जॉर्डन आणि आपली गाणी यांत एक भेद आहे, आणि माझी तक्रार तिथे आहे. साउंडीजमध्येही आवाज आधी ध्वनिमुद्रित होई आणि कलावंत नंतर ओठ हलवत, बोटे फिरवत. म्हणजे खोटेपणा तिथेही होता. पण जॉर्डन जॉर्डनच्याच आवाजावर ओठ हलवीत असे. सॅक्सोफोन त्याच्याच गळ्यात होता.

‘हाई झुमकावाली पोर’ हे अलीकडचे सर्वांत गाजलेले अहिराणी गाणे घ्या. पडद्यावर विनोद कुमावत आणि राणी कुमावत आहेत. गायले आहे भैय्या मोरे आणि अंजना बर्लेकर यांनी. मांडणी नेटकी आहे. राणी कुमावत यांची मान वळवण्याची लकब गाण्याच्या ठोक्यावर इतकी अचूक बसते की त्यासाठी ते गाणे पुन्हा पाहावे. पण लग्नात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये त्याची नक्कल होते ती या दोन चेहऱ्यांची. गाणाऱ्यांचे चेहरे किती जण ओळखतील? अहिराणीने हिंदी चित्रपटापासून स्वतःची भाषा सोडवून घेतली, पण पार्श्वगायनाची सवय मात्र सही करून परत घेतली. छोटा पडदा हाती आला, कुणा निर्मात्याची परवानगी लागत नाही, सेन्सॉर नाही, ११,००० फुटांची मर्यादा नाही; तरी गाणारा पडद्यामागेच.

वादकाचे तर विचारूच नका. पश्चिम खान्देशातल्या साक्रीच्या डोंगरपट्ट्यापासून डांगपर्यंत वाजणारी पावरी हे भोपळ्याचे फुंकवाद्य. तिचा घुमारा आता या गाण्यांत सर्रास ऐकू येतो, पण बहुतेक वेळा तो किबोर्डवरून काढलेला असतो. पावरी वाजवणारा चौकटीत नाही, किबोर्ड वाजवणाराही नाही. चौकटीत मोटारसायकल असते, केळीची बाग असते, वरून उडणाऱ्या ड्रोनने टिपलेला तापीचा पूल असतो. केळीच्या बागेशी माझे वैर नाही. पण गाणे बनते कसे, ते कुणाच्या हाताने, कुणाच्या श्वासाने बनते, याबद्दल या फिती तोंड उघडत नाहीत.

साउंडीजना देव्हाऱ्यात बसवायचा माझा विचार नाही. लुई आर्मस्ट्राँगसारख्या ट्रम्पेटवाल्याला ‘शाइन’मध्ये जोडे पुसण्याच्या देखाव्यात उभे केले गेले. काळ्या कलावंतांचे चित्रपट यादीत वेगळे लावलेले असत. ही अपमानास्पद चौकट मोडण्याची ताकद त्या कलावंतांच्या हाती नव्हती. चौकटीच्या आत मात्र आर्मस्ट्राँगचे गाल फुगताना दिसतात, बोटे दिसतात, घाम दिसतो, आणि देखावा लिहिणाऱ्याचा डाव त्या तीन मिनिटांत फिका पडतो. सुसान डेल्सन यांनी २०२१ च्या आपल्या पुस्तकात नेमके हेच दाखवले की या स्वस्त फितींत काळ्या अमेरिकनांची प्रतिमा मोठ्या चित्रपटांपेक्षा अधिक मोकळी होती. हे दाखवता आले, कारण फिती शिल्लक होत्या आणि माणसे ओळखता येत होती.

अहिराणीच्या बाबतीत हा प्रश्न निव्वळ सिनेमाच्या हौसेचा नाही. ग्रिअर्सन यांनी १९०७ च्या खंडात खान्देशीची नोंद भिली भाषांसोबत केली, तेव्हापासून ही भाषा की बोली हा वाद चालूच आहे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी सांगणारे साडेअठरा लाखांहून अधिक होते, ती आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिचे सर्वांत जास्त ऐकले जाणारे साहित्य आज ही गाणीच आहेत. बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांनी कागदावर उतरल्या नसत्या तर १९५२ चे पुस्तक निघाले नसते. त्यांची बोली लेवा, अहिराणी नव्हे. पण धडा शेजारघरचाच आहे. व्हीसीडीच्या काळातल्या किती तबकड्या आज चालतात? एखादे चॅनेल बंद पडले की गाण्याखालच्या वर्णनात लिहिलेली ढोलकीवाल्याची, किबोर्डवाल्याची नावेही त्याच्यासोबत जातात. मुळात ती लिहिलेली असली तर.

गेल्या लग्नसराईनंतर मी मुद्दाम वेगळ्या प्रकारच्या फिती पाहत बसलो. निर्मात्यांच्या नव्हेत, वरातीत कुणीतरी मोबाइलवर काढलेल्या. धुळे, शिरपूर, चोपडा, पारोळा अशा गावांच्या नावाने त्या शेकड्यांनी सापडतात. चित्रण हलते, आवाज फाटतो, मध्येच कुणाचा तरी फेटा आडवा येतो. गाणी बहुतेक तीच, गाजलेली. पण काढणाऱ्याचे लक्ष नवरदेवाकडे नसते. तो बँडच्या गाडीला चिकटून उभा असतो आणि कॅमेरा किबोर्डवाल्याच्या बोटांवर रोखतो, तिथून क्लॅरिनेटवर, तिथून ढोलावर. गायक माइक धरून समोरच असतो आणि ज्याच्या तोंडून गाणे निघते त्याचेच तोंड दिसते. लांबी तीन-चार मिनिटे. गाडीच्या पाटीवर रंगवलेले बँडचे नाव, गाव आणि फोन नंबर चौकटीत आपसूक येतो. खाली प्रतिक्रियांत लोक विचारतात, किबोर्डवर कोण आहे, आणि कुणीतरी उत्तर देते. अशा एका फितीत पावरीची धून ऐन रंगात आली असताना किबोर्डवाला मान वर करतो, कॅमेरा आपल्यावर आहे हे त्याला कळते, आणि तो डाव्या हाताने घाम पुसत उजव्या हाताने तीच जागा पुन्हा एकदा घेऊन दाखवतो.